उमेदवाराचे संकल्पपत्र कसे वाचावे? : ठाकुर्लीच्या उदाहरणावरून एक विवेचन

विधानसभेची निवडणूक जवळ आली की उमेदवाराचे संकल्पपत्र घरोघरी पोहोचते. वर पक्षाचे चिन्ह, मध्ये हात जोडलेले छायाचित्र आणि खाली पाच-पंचवीस आश्वासनांची यादी, असे त्याचे ठरलेले रूप असते. रस्ते, पाणी, रेल्वे, रोजगार, महिला, ज्येष्ठ नागरिक यांपैकी कोणताही विषय सहसा सुटत नाही. बहुतेक घरांत हा कागद दुसऱ्या दिवशी रद्दीत जातो. वास्तविक पाहता उमेदवार आपल्याला काय देऊ पाहतो याचा हाच एक लेखी पुरावा मतदाराच्या हाती असतो. पाच वर्षांनी त्याला जाब विचारायचा तर आधार याच कागदाचा घ्यावा लागतो. म्हणून तो टाकून देण्यापूर्वी शांतपणे वाचावा. वाचावा कसा, हे सांगण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उदाहरणादाखल आपण ठाकुर्ली घेऊ. मध्य रेल्वेवर डोंबिवली आणि कल्याण या दोन मोठ्या स्थानकांच्या मध्ये असलेले हे लहानसे स्थानक. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या विद्युतीकरणासाठी उभारलेल्या वीजनिर्मिती केंद्रामुळे १९२९ पासून हे नाव रेल्वेच्या इतिहासात नोंदले गेले. ते केंद्र १९८० च्या दशकात बंद पडले. त्यानंतर चाळी, जुन्या इमारती आणि नवी संकुले यांनी हा परिसर भरून गेला. ठाकुर्ली आणि भोवतालच्या वस्त्या डोंबिवली, कल्याण पूर्व व कल्याण ग्रामीण या विधानसभा मतदारसंघांच्या परिसरात येतात. हे तिन्ही मतदारसंघ कल्याण लोकसभा मतदारसंघाचे भाग आहेत. एका रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळे आमदार असणे अशा ठिकाणी नवलाचे नाही. तेव्हा पहिली गोष्ट अगदी साधी आहे. आपले नाव कोणत्या मतदारसंघाच्या यादीत आहे, हे मतदाराने आधी पाहून घ्यावे.

तीन प्रतिनिधी, तीन अधिकारक्षेत्रे

आपण तीन वेगवेगळ्या वेळी मतदान करतो. लोकसभेला खासदार, विधानसभेला आमदार आणि महानगरपालिकेला नगरसेवक निवडून देतो. या तिघांची कामे राज्यघटनेने वेगळी ठेवली आहेत. सातव्या अनुसूचीनुसार रेल्वे हा केंद्राच्या सूचीतील विषय आहे. पोलीस, सार्वजनिक आरोग्य, जमीन आणि स्थानिक स्वराज्य संस्था हे राज्याच्या सूचीतील विषय आहेत. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत १८ विषयांची यादी दिली. नगरनियोजन, पाणीपुरवठा, घनकचरा, रस्ते व पूल हे त्यांत मोडतात आणि ते नागरी संस्थांकडे सोपवावेत अशी अपेक्षा आहे.

असे असूनही विधानसभेच्या प्रचारात गटारापासून लोकलपर्यंत सर्व काही ऐकू येते. याला कल्याण-डोंबिवलीत एक विशेष कारणही घडले. येथील महानगरपालिकेची निवडणूक २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये झाली. त्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि पुढची निवडणूक थेट जानेवारी २०२६ मध्ये झाली. मधली पाच वर्षे पालिकेवर प्रशासक होता. नगरसेवकच नसल्यामुळे नळाच्या तक्रारीपासून रस्त्यावरील खड्ड्यापर्यंत लोक आमदाराकडेच जाऊ लागले. त्यामुळे २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत नागरी प्रश्नांचा भार आमदारकीच्या उमेदवारांवर अधिकच पडला.

मग आमदाराच्या हाती नेमके काय असते? विधानसभेच्या २८८ सदस्यांपैकी तो एक असतो. कायदा करणे, राज्याच्या अर्थसंकल्पाला मंजुरी देणे आणि सरकारला उत्तर द्यायला लावणे ही त्याची तीन मुख्य कामे होत. तारांकित प्रश्न, लक्षवेधी सूचना, अर्धा तास चर्चा, कपात सूचना आणि अशासकीय विधेयक ही त्यासाठीची साधने आहेत. मतदारसंघातील कामांसाठी त्याला स्थानिक विकास निधी मिळतो. महाराष्ट्रात ही रक्कम २०२२ पासून वर्षाला ५ कोटी रुपये आहे. पाच वर्षांचे मिळून २५ कोटी झाले. तीन-साडेतीन लाख मतदारांच्या भागात या रकमेतून समाजमंदिर, पायवाट, अभ्यासिका, गटारे अशी कामे होऊ शकतात. उड्डाणपूल, धरण किंवा मेट्रो या निधीतून होत नाही. त्यासाठी राज्याच्या अर्थसंकल्पात तरतूद लागते, आणि ती मिळवायची तर सभागृहात व मंत्रालयात पाठपुरावा करावा लागतो.

म्हणून संकल्पपत्रातील प्रत्येक ओळीपुढे मतदाराने एक खूण करावी. हे काम आमदाराच्या अधिकारातील आहे, की त्याने दुसऱ्याकडून करवून घ्यायचे आहे? दुसऱ्याकडून करवून घ्यायचे असेल तर तो कसे करवून घेणार, हे त्याने लिहिले आहे का? ठाकुर्लीच्या चार प्रश्नांना ही कसोटी लावून पाहू.

पहिला प्रश्न : राहते घर

२०१५ च्या जुलैअखेर एका रात्री ठाकुर्ली पूर्वेच्या चोळेगावातील मातृकृपा ही तीन मजली इमारत कोसळली आणि ९ जणांचा मृत्यू झाला. इमारत चाळीस वर्षांहून जुनी होती आणि ती धोकादायक असल्याचे पालिकेला ठाऊक होते. आठवडाभरातच ठाण्याच्या नौपाड्यात कृष्णनिवास ही इमारत पडली आणि तेथे १२ जण दगावले. त्याआधी ४ एप्रिल २०१३ रोजी शीळफाट्याजवळ उभी राहत असलेली अनधिकृत इमारत कोसळून ७४ जणांचे प्राण गेले होते.

धोकादायक इमारतीला नोटीस देणे आणि ती रिकामी करवून घेणे हे महानगरपालिकेचे काम आहे. कायद्याने ते अधिकार आयुक्तांना दिले आहेत. तरीही लोक तेथेच राहतात. घर सोडले तर पुन्हा ते मिळेल याची हमी त्यांना नसते, आणि तोवर राहायचे कोठे, हाही प्रश्न असतो. या दोन प्रश्नांची उत्तरे राज्य सरकारच्या धोरणात आहेत. किती चटईक्षेत्र द्यायचे, भाडेकरूचा हक्क कसा नोंदवायचा, संक्रमण शिबिरे कोणी बांधायची, हे राज्य ठरवते. डिसेंबर २०२० मध्ये राज्याने एकत्रिकृत विकास नियंत्रण नियमावली लागू केली. समूह पुनर्विकासाची, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेल्या ‘क्लस्टर’ची, तरतूद तीत आहे. ‘क्लस्टर योजना आणू’ एवढेच लिहिणारा उमेदवार त्यामुळे नवे काही सांगत नाही. नियम आधीच अस्तित्वात आहे. कोणता विभाग प्रथम घेणार, तात्पुरत्या घरांची सोय कोठे करणार आणि भाडेकरूंची यादी कोण पक्की करणार, हे लिहिणारा उमेदवार मात्र काही तरी सांगतो आहे.

अनधिकृत इमारतींचा प्रश्न याहून कठीण आहे. कल्याण-डोंबिवलीतील ६५ इमारतींना बनावट बांधकाम परवानग्यांच्या आधारे महारेराची नोंदणी मिळाल्याचे उघड झाले. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्या तीन महिन्यांत पाडण्याचा आदेश दिला. विधानसभेचे मतदान दुसऱ्याच दिवशी, २० नोव्हेंबरला होते. या इमारतींत घरे घेणाऱ्यांनी कर्ज काढले होते. महारेराचा नोंदणी क्रमांक पाहून त्यांनी विश्वास ठेवला होता. कागद खरा आहे की नाही, हे तपासण्याची जबाबदारी ज्यांची होती त्यांची चूक आणि फसवणूक करणाऱ्यांचा लोभ यांचा भुर्दंड घर घेणाऱ्याला बसला.

अशा वेळी ‘एकाही घराला हात लागू देणार नाही’ हे आश्वासन ऐकायला गोड वाटते. परंतु न्यायालयाचा आदेश आमदार रद्द करू शकत नाही. विधिमंडळ कायदा बदलू शकते आणि तसे पूर्वी झालेही आहे. ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीची काही अनधिकृत बांधकामे अटींवर नियमित करण्यासाठी २०१७ मध्ये नगररचना अधिनियमात एक नवे कलम घालण्यात आले. पण अटी न पाळणारी, आरक्षित भूखंडावरील वा असुरक्षित बांधकामे त्यामुळे आपोआप नियमित होत नाहीत. प्रामाणिक उमेदवार येथे निराळे बोलेल. बनावट कागद ओळखण्यासाठी पालिका व महारेरा यांच्या नोंदी एकमेकींशी जोडून घेऊ, फसवल्या गेलेल्या कुटुंबांना विकासकाकडून भरपाई मिळावी यासाठी कायद्यात तरतूद मागू, आणि दोषी अधिकाऱ्यांवरील कारवाईचा प्रश्न प्रत्येक अधिवेशनात विचारू, असे तो लिहील. ही आश्वासने छोटी दिसतात, पण ती पाळता येण्याजोगी आहेत.

दुसरा प्रश्न : गावे कोणाची?

ठाकुर्ली-डोंबिवलीच्या शेजारील २७ गावांची कथा संकल्पपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाने जाणून घ्यावी. दावडी, सोनारपाडा, भोपर, निळजे यांसारखी ही गावे १९८३ साली कल्याण महानगरपालिकेच्या स्थापनेबरोबर पालिकेत आली. कर वाढले, सुविधा वाढल्या नाहीत, अशी गावकऱ्यांची तक्रार होती. २००२ मध्ये ती वगळण्यात आली. जून २०१५ मध्ये ती पुन्हा समाविष्ट झाली. जून २०२० मध्ये त्यांपैकी १८ गावे वगळून वेगळी नगरपरिषद करण्याचा निर्णय राज्याने घेतला. डिसेंबर २०२० मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द ठरवला.

या काळातील निवडणुकांचे निकालही लक्षात घेण्याजोगे आहेत. मतदारसंघांच्या पुनर्रचनेनंतर २००९ मध्ये डोंबिवली व कल्याण ग्रामीण हे मतदारसंघ अस्तित्वात आले. डोंबिवलीतून भारतीय जनता पक्षाचे रवींद्र चव्हाण २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असे चार वेळा निवडून आले. कल्याण ग्रामीणमध्ये प्रत्येक वेळी नवा आमदार आला. २००९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे रमेश पाटील, २०१४ मध्ये शिवसेनेचे सुभाष भोईर, २०१९ मध्ये महाराष्ट्र नवनिर्माण सेनेचे प्रमोद (राजू) पाटील आणि २०२४ मध्ये शिवसेनेचे राजेश मोरे निवडून आले. एका ठिकाणी प्रतिनिधी बदलला नाही, दुसऱ्या ठिकाणी दर वेळी बदलला. गावांचा प्रश्न मात्र या सर्व काळात टांगणीला राहिला, कारण त्याची किल्ली एकट्या आमदाराकडे नव्हती. निर्णय राज्य सरकारचा, प्रक्रिया पालिकेशी विचारविनिमयाची आणि अंतिम तपासणी न्यायालयाची, अशा तीन दारांतून तो जातो. एखाद्या दारातील प्रक्रिया चुकली की सारे पुन्हा मूळ पदावर येते.

हाच अनुभव वसईकरांनाही आला आहे. जुलै २००९ मध्ये चार नगरपरिषदा व ५३ गावे मिळून वसई-विरार शहर महानगरपालिका स्थापन झाली. गावांनी विरोध केला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये झालेल्या विधानसभा निवडणुकीत ‘गावे वगळा’ हाच मुख्य मुद्दा घेऊन विवेक पंडित अपक्ष म्हणून उभे राहिले आणि वसईतून निवडून आले. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे वगळण्याचा निर्णय घेतला. परंतु प्रकरण न्यायालयात गेले आणि गावे वर्षानुवर्षे पालिकेतच राहिली. उमेदवाराची निष्ठा खरी असू शकते, जनतेचा पाठिंबा मोठा असू शकतो, आमदार निवडूनही येऊ शकतो, आणि तरीही निर्णय टिकत नाही. याचा अर्थ असे आश्वासन देऊच नये असा मुळीच नाही. मात्र ते देणाऱ्याने निर्णयाबरोबर तो न्यायालयात टिकेल अशी प्रक्रियाही सांगावी. दरम्यानच्या काळात पाणी, रस्ते, करआकारणी यांचे काय, हेही त्याने लिहावे. गाव पालिकेत असो वा बाहेर, नळाला पाणी तर रोज लागते.

तिसरा प्रश्न : रोजचा प्रवास

ठाकुर्लीच्या माणसाचा दिवस लोकलच्या वेळापत्रकावर चालतो. सकाळी कल्याणहून भरून येणाऱ्या गाडीत ठाकुर्लीला पाऊल ठेवायलाही जागा मिळत नाही, ही येथील नित्याची गोष्ट आहे. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ धावत्या लोकलमधून पडून प्रवाशांचे मृत्यू झाले, तेव्हा या मार्गावरील गर्दीची चर्चा देशभर झाली.

रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत आहे. अधिक गाड्या, पंधरा डब्यांची लोकल, नवे टर्मिनस ही आश्वासने आमदारकीच्या संकल्पपत्रात दिसली तर मतदाराने सावध व्हावे. बंद पडलेल्या ठाकुर्ली वीज केंद्राच्या जागेवर नव्या प्रकल्पांच्या कल्पना वेळोवेळी मांडल्या गेल्या, परंतु ती जागा रेल्वेची आहे आणि निर्णयही रेल्वेचाच.

तरीही राज्याचा वाटा थोडा नाही. मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा खर्च रेल्वे आणि राज्य शासन मिळून उचलतात. ठाणे-दिवा दरम्यानची पाचवी व सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये पूर्ण झाली. तिला बराच विलंब झाला आणि अशा विलंबात भूसंपादन व पुनर्वसन या राज्याशी निगडित बाबींचा भाग मोठा असतो. रुळांवरील पुलाचे काम सामान्यतः रेल्वे करते आणि जोडरस्ते राज्याच्या वा पालिकेच्या यंत्रणा करतात. कल्याणचा शंभर वर्षांहून जुना पत्रीपूल नोव्हेंबर २०१८ मध्ये पाडण्यात आला. नवा पूल राज्य रस्ते विकास महामंडळामार्फत बांधून जानेवारी २०२१ मध्ये खुला झाला. मधली दोन वर्षे कल्याण-डोंबिवलीकरांनी वाहतूक कोंडीत काढली. पूल पाडण्यापूर्वी पर्यायी मार्ग तयार आहे काय, दोन यंत्रणांची वेळापत्रके जुळतात काय, हे प्रश्न सभागृहात विचारणे आमदाराच्या पूर्ण अधिकारातील आहे. मेट्रो आणि कल्याण-शीळ मार्ग यांसाठीही राज्याच्याच यंत्रणा जबाबदार आहेत. शिवाय रोजगाराची ठिकाणे कल्याण-डोंबिवलीच्या जवळ आणणे हा राज्याच्या औद्योगिक व नगरनियोजन धोरणाचा भाग आहे. लोकलची गर्दी कमी करण्याचा एक मार्ग रुळांवरून जातो, तसा दुसरा मंत्रालयातून जातो.

चौथा प्रश्न : शेजारचा कारखाना

२६ मे २०१६ रोजी डोंबिवली औद्योगिक क्षेत्रातील एका रासायनिक कारखान्यात मोठा स्फोट झाला. परिसरातील घरांच्या काचा फुटल्या, अनेकांचे प्राण गेले आणि शेकडो माणसे जखमी झाली. जवळजवळ आठ वर्षांनी, २३ मे २०२४ रोजी, त्याच औद्योगिक क्षेत्रातील दुसऱ्या कारखान्यात पुन्हा तसाच भीषण स्फोट झाला. दोन्ही वेळा चौकशी झाली. घातक कारखाने लोकवस्तीपासून दूर नेण्याची घोषणाही झाली.

येथे मात्र अधिकाराची अडचण नाही. औद्योगिक विकास महामंडळ, औद्योगिक सुरक्षा संचालनालय, प्रदूषण नियंत्रण मंडळ आणि कामगार विभाग या सर्व यंत्रणा राज्य शासनाच्या आहेत. आमदाराने प्रश्न विचारला तर संबंधित मंत्र्याला सभागृहात उत्तर द्यावे लागते. म्हणून कारखान्यांविषयीचे आश्वासन हे उमेदवाराच्या खऱ्या प्राधान्याची उत्तम कसोटी ठरते. कोणते कारखाने हलवणार, कामगारांच्या नोकऱ्यांचे काय, चौकशी अहवाल जनतेसमोर कधी येणार? कामगार आणि रहिवासी हे परस्परांचे वैरी नव्हेत. पुष्कळदा ती एकाच घरातील माणसे असतात. ‘कारखाने हटवू’ म्हणताना रोजगाराचा विचार न करणारा आणि ‘रोजगार वाचवू’ म्हणताना सुरक्षिततेकडे डोळेझाक करणारा, असे दोघेही अर्धेच उत्तर देत असतात.

पैसा कोठून येणार?

आश्वासनाची दुसरी कसोटी पैशाची. सर्वोच्च न्यायालयाने ५ जुलै २०१३ रोजी सुब्रमण्यम बालाजी खटल्यात निर्णय दिला. जाहीरनाम्यातील आश्वासने कायद्याच्या दृष्टीने भ्रष्ट आचार ठरत नाहीत, असे सांगतानाच त्याने निवडणूक आयोगाला यासंबंधी मार्गदर्शक तत्त्वे तयार करण्याचे निर्देश दिले. त्यानुसार आयोगाने आचारसंहितेत नवा भाग जोडला. आश्वासनामागील कारण आणि त्यासाठी पैसा उभा करण्याचे मार्ग जाहीरनाम्यात स्थूलमानाने सांगितले जावेत, अशी अपेक्षा त्यात आहे. मतदारांना ही तरतूद फारशी ठाऊक नसते, म्हणून तिचा उपयोगही कमी होतो.

दोन उदाहरणे पाहू. २०१५ च्या पालिका निवडणुकीपूर्वी तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी कल्याण-डोंबिवलीसाठी साडेसहा हजार कोटी रुपयांच्या विकासकामांची घोषणा केली. अशा आकड्यापुढे नागरिकाने विचारावे, की यात नवी तरतूद किती, आधीच्या योजनांची बेरीज किती, आणि कोणत्या वर्षी कोणत्या लेखाशीर्षाखाली किती रक्कम खर्च झाली? दुसरे उदाहरण २०२४ चे. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत महिलांना दरमहा १,५०० रुपये मिळू लागले होते. महायुतीने ही रक्कम २,१०० रुपये करण्याचे आणि महाविकास आघाडीने दरमहा ३,००० रुपये देण्याचे आश्वासन दिले. महायुतीचे सरकार आले, परंतु २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात ही वाढ समाविष्ट झाली नाही. गरजू भगिनीच्या हाती थेट पैसा पोहोचण्याचे मोल कमी लेखू नये. पण हा पैसा कोणत्या खर्चातून वळवला जाणार, हे विचारण्याचा अधिकार त्याच भगिनीला आहे. तिच्या मुलाची शाळा आणि तिच्या वस्तीतील दवाखाना त्याच तिजोरीवर चालतात.

उमेदवार कोण आहे?

कागदावरील दृष्टी उत्तम असली तरी ती मांडणारी व्यक्ती पाहावी लागते. २००२ व २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयांमुळे प्रत्येक उमेदवाराला अर्जासोबत प्रतिज्ञापत्र द्यावे लागते. त्यात स्वतःची व जोडीदाराची मालमत्ता, देणी, शिक्षण आणि गुन्हेगारी प्रकरणे नमूद करणे बंधनकारक आहे. ही प्रतिज्ञापत्रे निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर सर्वांना पाहता येतात. एखाद्या उमेदवाराचा बांधकाम व्यवसाय असेल आणि संकल्पपत्रात पुनर्विकास पहिल्या क्रमांकावर असेल, तर त्यात लगेच पाप शोधू नये. पण प्रश्न जरूर विचारावा. पूर्वीचा आमदार पुन्हा उभा असेल तर त्याने सभागृहात कोणते प्रश्न मांडले, हे विधिमंडळाच्या कामकाजातून तपासता येते.

श्रद्धावंतांची भूमिका

ख्रिस्तसभा कोणत्याही पक्षाचे वा उमेदवाराचे नाव सुचवत नाही, आणि धर्मगुरूंना पक्षीय राजकारणात सक्रिय भाग घेण्यास ख्रिस्तसभेचा कायदा सामान्यतः मनाई करतो. देशाचा कायदाही येथे स्पष्ट आहे. प्रार्थनास्थळाचा प्रचारासाठी वापर आचारसंहितेने निषिद्ध मानला आहे. धर्माच्या नावाने मते मागणे हा लोकप्रतिनिधित्व कायद्यानुसार भ्रष्ट आचार आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१७ मध्ये या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. मात्र प्रापंचिकांनी मतदानाचा हक्क मोकळेपणाने आणि सर्वांच्या हितासाठी बजावावा, असे द्वितीय व्हॅटिकन महासभेने १९६५ मध्ये आधुनिक जगातील ख्रिस्तसभेविषयीच्या दस्तऐवजात आवर्जून सांगितले आहे.

‘सर्वांचे हित’ या शब्दांत पुष्कळ काही सामावले आहे. आपल्या समाजाच्या दफनभूमीचा प्रश्न, आपल्या शाळेचे अनुदान, आपल्या प्रार्थनामंदिराकडे जाणारा रस्ता हे प्रश्न खरे आहेत आणि ते मांडण्यात गैर काही नाही. पण उमेदवाराशी होणारे आपले बोलणे तेवढ्यावरच संपले, तर धोकादायक इमारतीत राहणारा शेजारी, कारखान्यात रात्रपाळी करणारा कामगार आणि फसवली गेलेली घरमालकीण यांच्यासाठी कोण बोलणार? दुर्बलाच्या बाजूने विचारलेला प्रश्न हीच श्रद्धावंत मतदाराची ओळख असावी.

मतदानानंतर

संकल्पपत्र मतदानाच्या दिवशी संपत नाही. ते घरात जपून ठेवावे. धर्मग्रामातील तरुणांनी किंवा सोसायटीतील चार रहिवाशांनी मिळून वर्षातून एकदा ते बाहेर काढावे आणि प्रत्येक आश्वासनापुढे काय झाले ते लिहावे. जे झाले नाही त्याबद्दल आमदाराला सह्यांचे पत्र द्यावे. विधिमंडळाच्या अधिवेशनापूर्वी आपला प्रश्न तारांकित प्रश्न म्हणून मांडण्याची विनंती करावी. शासकीय माहिती मिळत नसेल तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज करता येतो. हा कायदा २००५ पासून आपल्या हाती आहे. जे काम झाले त्याबद्दल आभाराचे दोन शब्दही कळवावेत. चांगले काम करणाऱ्या प्रतिनिधीला ते कोणी पाहिले, हे कळणे महत्त्वाचे असते.

पुढील विधानसभा निवडणूक नियमाप्रमाणे २०२९ मध्ये येईल. तोवर ठाकुर्लीत आणखी जुन्या इमारती धोकादायक ठरतील, नवी संकुले उभी राहतील, गाड्यांची गर्दी बदलेल. उमेदवार पुन्हा दारात येतील. त्या वेळी त्यांच्यापुढे तीन प्रश्न ठेवावेत. हे काम तुमच्या अधिकारातील आहे का? पैसा कोठून आणणार? आणि मागील पाच वर्षांत तुम्ही यासाठी काय केले? या तिन्ही प्रश्नांना जो न चिडता, न टाळता उत्तर देईल, त्याचे संकल्पपत्र दुसऱ्यांदा वाचण्याच्या योग्यतेचे आहे असे समजावे.